उच्च उपलब्धतेचे डेटाबेस आणि ‘लिसनर’ची मांडणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

शासकीय कामकाजाच्या संगणकीकरणाची चर्चा मराठीत बहुधा दोन टोकांवरून होते. एका टोकाला योजनांच्या घोषणा असतात, तर दुसऱ्या टोकाला ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांत आटोपणाऱ्या तक्रारी. या दोहोंच्या मध्ये जी यंत्रणा उभी आहे तिच्या रचनेची चिकित्सा क्वचितच होते. ती अभियंत्यांची खासगी बाब समजली जाते, आणि अभियंतेही तसेच समजतात. वस्तुतः या रचनेतील काही निर्णयांचा परिणाम थेट तालुक्याच्या ठिकाणी रांगेत उभ्या असलेल्या माणसावर होतो. डेटाबेस-समूहाच्या दाराशी बसवलेल्या ‘लिसनर’ची मांडणी हा असाच एक निर्णय आहे.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचे उदाहरण घेता येईल. सोयाबीन व तूर ही येथील खरिपाची प्रमुख पिके. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावयाची, अशी पद्धत आली. पीक विम्याचा अर्जही संगणकावरूनच भरावा लागतो. २०२३ च्या खरिपात, एक रुपयात पीक विमा देण्याच्या योजनेच्या पहिल्याच वर्षी, ३१ जुलै ही अंतिम तारीख ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अर्ज भरताना येणाऱ्या तांत्रिक अडचणी हे त्यामागचे एक कारण होते. किल्लारी, लामजना, मातोळा किंवा भादा येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने डेटाबेस उपलब्ध असणे याचा अर्थ त्या मुदतीच्या आत अर्ज दाखल होणे एवढाच आहे. मुदत वाढली नाही, तर त्या हंगामाची जोखीम त्याची एकट्याची.

उच्च उपलब्धतेचा दावा आज यंत्रकक्षात किती संगणक जोडले आहेत यावर तोलला जातो. तो दावा प्रत्यक्षात उतरतो की नाही, हे मात्र त्या संगणकांपर्यंत येणाऱ्या वाटेवर, म्हणजे लिसनर, त्याचे पत्ते आणि त्याच्याकडे येणाऱ्या आज्ञावलीची प्रतीक्षा-मर्यादा यांवर ठरते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

लिसनरचे कार्य

‘लिसनर’ला ‘श्रोता’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, पण तो फसवा आहे. श्रोता ऐकून घेतो. लिसनर ऐकतो तो केवळ आलेल्याला योग्य दालनापर्यंत पोचवण्यासाठी. औसा येथील भुईकोट किल्ल्याला खंदक आणि दुहेरी तटबंदी आहे. अशा किल्ल्याच्या देवडीवर आल्यागेल्याची विचारपूस करणाऱ्या माणसाचे काम लिसनरच्या कामाशी अधिक जुळते. तांत्रिक भाषेत सांगावयाचे तर लिसनर ही एक सतत चालणारी प्रक्रिया असते. ती ठरलेल्या पोर्टवर जोडणीच्या विनंत्यांची वाट पाहते. ओरॅकलमध्ये हा पोर्ट रूढीने १५२१, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये १४३३ असतो. विनंतीत ज्या सेवेचे नाव असेल ती सेवा आपल्या माहितीत असल्यास लिसनर विनंती करणाऱ्याला डेटाबेसच्या प्रक्रियेकडे सोपवतो किंवा दुसऱ्या पत्त्याकडे वळवतो, आणि बाजूला होतो.

‘बाजूला होतो’ हे येथे महत्त्वाचे आहे. जोडणी झाल्यावर पुढील व्यवहारात लिसनरचा संबंध उरत नाही. लिसनर बंद पडला तरी सकाळपासून आत बसलेल्यांचे काम सुरळीत चालू राहते. नव्याने येणाऱ्याला मात्र प्रवेश मिळत नाही. यंत्रकक्षातील नियंत्रण-फलकावर सर्व दिवे हिरवे असताना तालुक्याच्या सेवा केंद्रात काहीच उघडत नाही, हा वरकरणी विपरीत वाटणारा अनुभव अशा वेळी येतो. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे बोलत असतात.

उपलब्धतेची टक्केवारीही याच कारणाने फसवी ठरते. वर्षाचे ८,७६० तास धरले तर ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात पावणेनऊ तासांचा खंड, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटांचा, ९९.९९९ टक्के म्हणजे सव्वापाच मिनिटांचा. ९९ टक्के उपलब्धतेचे दोन संगणक एकमेकांना पर्याय म्हणून उभे केले आणि त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले, तर गणिताने ९९.९९ टक्क्यांपर्यंत पोचता येते. निविदांमध्ये मिरवतो तो हा आकडा. परंतु संगणक एकमेकांना पर्याय असतात, वाट मात्र एकामागून एक अशा कड्यांची असते : नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस यंत्रणा, फायरवॉल, लिसनर, मधली आज्ञावली. कड्यांच्या उपलब्धतेचा गुणाकार होतो. प्रत्येकी ९९.९ टक्क्यांच्या चार कड्या लागोपाठ आल्या की ९९.६ टक्के उरतात, म्हणजे वर्षात सुमारे ३५ तासांचा खंड. आतले संगणक कितीही वाढवले तरी हा खंड कमी होत नाही. शिवाय हे तास वर्षभर समान विखुरलेले नसतात. ताण असेल त्या दिवशी ते एकवटतात, आणि ताणाचा दिवस बहुधा अखेरच्या मुदतीचाच असतो.

नकाराचे मूल्य

डेटाबेस-समूहांच्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची सुधारणा कोणती, या प्रश्नाला अनेक उत्तरे संभवतात. वेगाच्या किंवा साठवणुकीच्या सुधारणा बाजूला ठेवल्या, तर ‘आभासी पत्ता’ अर्थात व्हीआयपी या कल्पनेला तो मान द्यावा लागेल. तिच्यामागचा विचार साधा आहे.

ओरॅकलने २००१ मध्ये ‘९आय’ आवृत्तीबरोबर ‘रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स’ बाजारात आणले. एकच डेटाबेस अनेक संगणकांवरून एकाच वेळी चालवता येऊ लागला. एक संगणक पडला तर दुसरा आहेच, असे आश्वासन होते. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. पडलेल्या संगणकाच्या पत्त्यावर विनंती गेली की तिला उत्तर देणारे कोणीच नसे. टीसीपीच्या नियमांनुसार उत्तर न आल्यास विनंती पुनःपुन्हा पाठवली जाते आणि ठरलेला काळ संपेपर्यंत वाट पाहिली जाते. विंडोज प्रणालीत हा काळ सामान्यतः २१ सेकंदांचा, तर लिनक्समध्ये दोन मिनिटांहून अधिक असतो. दुसरा संगणक शेजारी धडधाकट उभा असूनही आज्ञावली मृत पत्त्याच्या दारात ताटकळत राही.

‘१०जी’ आवृत्तीत यावर उपाय आला. प्रत्येक संगणकाला त्याच्या मूळ पत्त्याखेरीज एक आभासी पत्ता दिला गेला. संगणक पडताच त्याचा आभासी पत्ता समूहातील दुसऱ्या संगणकाकडे जातो. तेथे तो पत्ता जिवंत असतो, पण त्या पत्त्यावर कोणताही लिसनर बसवलेला नसतो. परिणामी येणाऱ्या विनंतीला तत्क्षणी नकार मिळतो आणि आज्ञावली यादीतील पुढच्या पत्त्याकडे वळते. आभासी पत्ता सेवा देण्यासाठी स्थलांतर करतो, असा गैरसमज अनेक पाठ्यपुस्तकांच्या वाचनातून होतो. ओरॅकलच्या या रचनेत तो स्थलांतर करतो तो केवळ ‘नाही’ म्हणण्यासाठी. मौनापेक्षा तत्पर नकार अधिक उपयोगी असतो, हे येथे अभियंत्यांनी ओळखले होते. सरकारी कचेरीत खेपा घातलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

खेदाची बाब ही, की हे तत्त्व समूहाच्या आत पाळले गेले, पण समूहाबाहेर पोचले नाही. मधल्या आज्ञावलीत प्रतीक्षा-मर्यादा न ठरवता ती मुळात असेल तशीच सोडून देण्याची प्रथा आहे. ब्राउझरमधील चक्र फिरत राहते, केंद्रचालक ‘थांबा, होईल’ म्हणतो, आणि पुढच्या मिनिटाला कोणीतरी पान नव्याने उघडते. पहिली विनंती अजून मेलेली नसताना दुसरी येऊन उभी राहते. मौनाची किंमत अशी दुप्पट मोजली जाते.

एका नावामागचे अनेक पत्ते

२००९ मध्ये ‘११जी’च्या दुसऱ्या प्रकाशनात ओरॅकलने ‘स्कॅन’ ही व्यवस्था आणली. समूहात संगणक वाढवला किंवा कमी केला की प्रत्येक आज्ञावलीतील पत्त्यांची यादी बदलावी लागे, ती कटकट यामुळे संपली. संपूर्ण समूहाला एकच नाव मिळाले. डीएनएसमध्ये त्या नावापुढे तीन पत्ते नोंदवावयाचे, त्या तीन पत्त्यांवर तीन ‘स्कॅन लिसनर’ चालवावयाचे, आणि ते समूहातील कोणत्याही संगणकावर राहू शकतात, अशी ही मांडणी आहे. स्कॅन लिसनर स्वतः जोडणी करून देत नाही. कोणत्या संगणकावर ताण कमी आहे ते पाहून तो विनंती करणाऱ्याला त्या संगणकाच्या स्थानिक लिसनरकडे पाठवतो.

बाहेरच्यासाठी एकच नाव आणि आत हवे ते बदल, ही कल्पना निःसंशय चांगली आहे. तिच्यावरचा आक्षेप असा की ती दोन पायऱ्यांचे काम एका पायरीचे असल्याचा भास निर्माण करते. विनंती आधी स्कॅनच्या पत्त्यावर येते आणि मग आभासी पत्त्यावर वळवली जाते. म्हणजे येणाऱ्याला दोन्ही पत्ते गाठता आले पाहिजेत. प्रत्यक्षात फायरवॉलच्या अर्जावर डेटाबेस-व्यवस्थापक अनेकदा स्कॅनचे तीनच पत्ते लिहितो, कारण नाव एकच आहे. पहिले दार उघडते, दुसऱ्या दाराशी विनंती अडकते, आणि फायरवॉल बहुधा नकारही देत नाही. ती विनंती गिळून टाकते. पुन्हा तेच मौन. आभासी पत्त्याने जो दोष घालवला होता तो असा मागच्या दाराने परत येतो. उत्पादकाच्या मार्गदर्शिकेत या पत्त्यांचा उल्लेख असतोच. मात्र ती डेटाबेस-व्यवस्थापक वाचतो आणि फायरवॉल नेटवर्क विभागाच्या ताब्यात असते.

याच जातीची आणखी एक चूक म्हणजे डीएनएसची परवानगी मिळण्यास वेळ लागतो म्हणून स्कॅनचे नाव संगणकावरील ‘होस्ट्स’ फाइलमध्ये लिहून मोकळे होणे. त्या फाइलमधून एका नावाला एकच पत्ता मिळतो. तीन लिसनरांपैकी दोन शोभेचे उरतात. चाचणीच्या दिवशी यातले काहीच लक्षात येत नाही, कारण त्या दिवशी सर्वच पत्ते जिवंत असतात.

लिसनरला सेवांची माहिती कोण देते, हाही प्रश्न दुर्लक्षिला जातो. डेटाबेस स्वतःच लिसनरकडे आपली नोंद करतो. ‘लोकल लिसनर’ आणि ‘रिमोट लिसनर’ ही दोन मूल्ये त्यासाठी ठरवावी लागतात, आणि समूहात दुसऱ्या मूल्यात स्कॅनचे नाव व पोर्ट असावा लागतो. ते चुकले तर स्थानिक लिसनरला सेवा माहीत असते, पण स्कॅन लिसनरला नसते. लिसनर नंतर सुरू झाला तर नोंद होईपर्यंत सुमारे एक मिनिट तो अनभिज्ञ राहतो. या नोंदणीत पूर्वी मोठीच ढिलाई होती. जाळ्यावरील कोणताही संगणक ‘ही सेवा माझ्याकडे आहे’ असे सांगून लिसनरकडे नोंद करू शके आणि येणाऱ्या विनंत्या स्वतःकडे वळवू शके. २००८ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने कंपनीला कळवलेला हा दोष २०१२ मध्ये जाहीर झाला, आणि नोंद करणाऱ्याचा पत्ता तपासण्याची सोय ‘१२सी’ आवृत्तीपासून मुळातच चालू ठेवण्यात आली. जुन्या आवृत्तीवर अजूनही चाललेल्या कार्यालयांत ही तपासणी व्यवस्थापकाने हाताने चालू करावी लागते. उपलब्धतेच्या नादात दार सताड उघडे ठेवण्याचा हा प्रकार होता.

किल्लारीपासून डीएनएसपर्यंत

आतापर्यंतचे विवेचन एकाच यंत्रकक्षातील समूहाबद्दल होते. तेवढ्यावर थांबता येत नाही, याची जाणीव औसा तालुक्याइतकी क्वचितच कोणाला असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ज्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसांचा बळी घेतला, त्याला नाव मिळालेले किल्लारी हे गाव याच तालुक्यातील. त्या वेळी प्रमाण मानल्या जाणाऱ्या १९८४ च्या भारतीय मानकानुसार हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. एकाच आघाताने दोन्ही ठिकाणे बंद पडू नयेत म्हणून दुसरे केंद्र दूर, शक्यतो वेगळ्या भूकंप-विभागात असावे, हा नियम पुढे माहिती-केंद्रांच्या बाबतीत सर्वमान्य झाला.

मात्र अंतर वाढले की लिसनरची अडचण नव्या रूपाने उभी राहते. आभासी पत्ता एका जाळ्याच्या, म्हणजे सबनेटच्या आतच फिरू शकतो. दोन शहरांतील केंद्रे सामान्यतः वेगवेगळ्या सबनेटमध्ये असतात. तेथे पत्ता हलवता येत नाही, नावामागचा पत्ता बदलावा लागतो. म्हणजेच समूहाच्या उपलब्धतेची किल्ली डीएनएसकडे जाते.

मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीत ‘ऑलवेज ऑन’ समूह आणले आणि त्यांच्यासाठी लिसनरही दिला. त्याची मांडणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात दोन्ही केंद्रांचे पत्ते एकाच वेळी डीएनएसमध्ये नोंदले जातात. जोडणी करणाऱ्या आज्ञावलीत ‘मल्टीसबनेटफेलओव्हर’ हा पर्याय चालू असेल तर ती सर्व पत्त्यांवर एकदमच विनंती धाडते आणि जो उत्तर देईल त्याच्याशी जोडून घेते. पर्याय चालू नसेल तर ती एकेक पत्ता आळीपाळीने तपासते. पहिला पत्ता निष्क्रिय केंद्राचा निघाला की २१ सेकंद जातात, आणि जोडणीची मूळ मर्यादा अवघी १५ सेकंदांची असल्यामुळे दुसऱ्या पत्त्याची पाळी येण्यापूर्वीच ती हार मानते. दुसऱ्या प्रकारात फक्त चालू केंद्राचा पत्ता नोंदला जातो. जुन्या आज्ञावलींना हा प्रकार मानवतो. पण डीएनएसमधील त्या नोंदीचे मूळ आयुर्मान १,२०० सेकंद असते. डेटाबेस अर्ध्या मिनिटात दुसऱ्या केंद्रावर सुरू झाला तरी येणारा वीस मिनिटे जुन्याच पत्त्यावर जात राहू शकतो.

अर्धे मिनिट आणि वीस मिनिटे यांतील हे अंतर या साऱ्या विषयाचे मर्म आहे. पहिला आकडा अहवालात जातो. दुसरा सेवा केंद्रात अनुभवाला येतो. आयुर्मान ३०० सेकंदांवर किंवा त्याहून खाली आणता येते, ते एका आज्ञेचे काम आहे. प्रश्न ज्ञानाचा नाही. डेटाबेस एकाकडे, डीएनएस दुसऱ्याकडे आणि आज्ञावली तिसऱ्या ठेकेदाराकडे असल्यामुळे ती आज्ञा देणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

मुक्त प्रणालींनी ही विभागणी काहीशी सैल केली. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, जोडणी करणाऱ्यालाच अनेक पत्ते देऊन त्यांतील लेखनक्षम कोणता ते शोधण्यास सांगता येते. तरीही बहुतेक ठिकाणी पुढे ‘एचएप्रॉक्सी’सारखा मध्यस्थ बसवला जातो, आणि तो एकच बसवला तर तीन डेटाबेसांची सुरक्षितता त्या एकट्यावर लटकते.

मुंबईतील एक दिवस

उच्च उपलब्धतेच्या सर्व अटी कागदावर पूर्ण असूनही व्यवहार थांबल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात घडलेला प्रसंग. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवण्यात आले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालला. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्र आणि कुर्ला येथील जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या एकाच वेळी अस्थिर झाल्या. रस्त्यावरील खोदकाम हे त्याचे प्रमुख कारण होते. त्यापुढे साठवण-यंत्रणा आपोआप पर्यायावर जावयास हवी होती. तिच्या पुरवठादाराने बसवलेले पर्यायावर जाण्याचे तर्कशास्त्र बाजाराच्या रचनेशी जुळत नव्हते. जोखीम-व्यवस्थापनाची यंत्रणा अनुपलब्ध झाली. खरेदी-विक्रीची मुख्य यंत्रणा स्वतः ठीक होती, तरीही बाजार बंद ठेवावा लागला.

हा बिघाड साठवण-यंत्रणेतला होता. लिसनरशी त्याचा थेट संबंध नाही. तरीही त्याची जात तीच आहे. दोन कंपन्यांच्या वाहिन्या हे पर्याय मानले गेले होते, आणि खोदकामाने त्या दोन्ही एकदमच गाठल्या. गणितातील ‘स्वतंत्र बिघाड’ हे गृहीतक तेथे कोसळले. तुळजापूरहून औसा, लातूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गाच्या काठच्या लोकांना रस्त्याचे काम निघाले की केबल तुटते, हे सांगण्यासाठी मुंबईच्या दाखल्याची गरज नाही. पण तीच गोष्ट देशातील सर्वांत संपन्न यंत्रणांपैकी एकीत घडावी, हे बोलके आहे.

त्या दिवशी चेन्नई येथील दूरचे केंद्र का वापरले नाही, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. दूरच्या केंद्राकडे नोंदी सामान्यतः किंचित विलंबाने पोचतात, कारण प्रत्येक नोंदीसाठी शेकडो किलोमीटरवरून पोच येण्याची वाट पाहिली तर काम मंदावते. म्हणून अशा केंद्रावर जाताना अखेरच्या काही नोंदी हरवण्याची शक्यता असते आणि तो निर्णय यंत्रावर न सोपवता माणसाकडे ठेवला जातो. माणूस थोडी वाट पाहतो. दुरुस्ती होईल अशी आशा धरतो. सेबीने २२ मार्च २०२१ च्या परिपत्रकाने या वाट पाहण्याला मर्यादा घातली : बिघाडानंतर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करावयाची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करावयाचे, गरज पडल्यास दूरच्या केंद्रावरून. भांडवल बाजाराला नियामकाने मिनिटांत मोजलेली सव्वा तासाची हमी मिळाली. पीक विम्याच्या अर्जदाराला मिळते ती दिवसांत मोजलेली मुदतवाढ, तीही मिळालीच तर. दोन्ही ठिकाणी यंत्रणेचे तत्त्व एकच आहे; खंडाची किंमत कोण मोजतो यावर तिचे मोजमाप बदलते.

खिडकीच्या अलीकडून

समूह पर्यायावर गेल्यानंतरचा काळही निर्धोक नसतो. तुटलेल्या सर्व जोडण्या एकाच क्षणी परत येऊ पाहतात. अखेरच्या तारखेच्या संध्याकाळी राज्यभरातील सेवा केंद्रे एकाच वेळी लिसनरच्या दाराशी येतात आणि त्याची रांग भरते. येणाऱ्या जोडण्यांचा वेग मर्यादित ठेवण्याची सोय ओरॅकलच्या लिसनरमध्ये आहे; आज्ञावलीने पुन्हा प्रयत्न करताना थोडा आणि प्रत्येक वेळी वेगळा विलंब ठेवावा, हाही जुना उपाय आहे. ठरावीक सेकंदांनी सर्वांनी एकदम दार ठोठावणे हा यावरचा सर्वांत वाईट मार्ग, आणि घाईने लिहिलेल्या आज्ञावलीत तोच आढळतो.

या साऱ्या बिघाडांची नोंद यंत्रणा प्रामाणिकपणे करते. ओरॅकलमध्ये १२५४१ हा क्रमांक ‘पत्ता आहे, पण तेथे लिसनर नाही’ असे सांगतो. १२५१४ म्हणजे ‘लिसनर आहे, पण या सेवेची नोंद त्याच्याकडे नाही’. १२१७० म्हणजे ‘कोणीच उत्तर दिले नाही, मुदत संपली’. पहिल्यात लिसनर सुरू करावा लागतो किंवा पुढचा पत्ता घ्यावा लागतो. दुसऱ्यात मिनिटभर थांबले तरी पुष्कळदा भागते. तिसऱ्यात फायरवॉल, डीएनएस वा तुटलेली केबल यांचा शोध घ्यावा लागतो. निदान वेगळे, उपाय वेगळा, जबाबदार विभागही वेगळा. मधली आज्ञावली मात्र या तिघांनाही एकाच वाक्यात कोंबते, आणि खिडकीवर ते ‘सर्व्हर डाऊन’ या रूपात पोचते. क्रमांक तसाच दाखवावा, असे कोणी म्हणणार नाही; सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ते अनुचित आहे. पण ‘दोन मिनिटांनी प्रयत्न करा’ आणि ‘आज सायंकाळपर्यंत सेवा सुरू होणार नाही’ ही दोन मराठी वाक्ये वेगवेगळी दाखवणे अशक्य नाही. भादा येथून सकाळची एसटी धरून औसा येथे आलेल्या माणसाला थांबावे की परतावे, हे त्यावरून ठरवता येते. आज तो निर्णय केंद्रचालकाच्या अनुभवावर आणि अंदाजावर सोडलेला असतो, आणि अंदाज चुकला तर बोल त्यालाच बसतो.

निविदांतील उपलब्धतेचे कलम कोठून मोजावयाचे, हा मुद्दा म्हणूनच तांत्रिक बारकाव्याचा राहत नाही. डेटाबेस चालू होता का, असे यंत्रकक्षातील दुसऱ्या संगणकावरून विचारले तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘होय’ असे येईल. तोच प्रश्न तालुक्याच्या ठिकाणाहून, सर्वसामान्य जोडणीवरून, दर मिनिटाला एक नवी जोडणी करून विचारला तर मिळणारा आकडा वेगळा असेल. नवी जोडणी हा यातला आवश्यक भाग आहे. आधीच उघडलेल्या जोडणीवरून केलेली तपासणी लिसनरला स्पर्शच करीत नाही. अशा मोजणीला एक साधा संगणक आणि काही ओळींची आज्ञावली एवढेच लागते. पर्यायावर जाण्याची चाचणीही याच टोकाकडून घेता येते. मुख्य संगणकाची वीज खरोखर काढावयाची, कारण नियमानुसार बंद केलेला संगणक जाताना निरोप घेऊन जातो आणि मौनाचा प्रश्न उद्भवतच नाही. आणि औसा येथील केंद्रात घड्याळ लावून, अर्जाचे पान पुन्हा उघडेपर्यंतची मिनिटे लिहून घ्यावयाची. हे जूनच्या पहिल्या आठवड्यात, विम्याचे अर्ज सुरू होण्यापूर्वी झाले, तर आयुर्मानाचे १,२०० सेकंद, फायरवॉलमधील राहून गेलेले पत्ते आणि ‘होस्ट्स’ फाइलमधील एकुलती एक ओळ, या तिन्ही गोष्टी जुलैच्या अखेरीऐवजी त्याच दुपारी सापडतील.